३०९ नंबरचं वेळापत्रक

चाळीस वर्षं मी लोकांच्या छपरांवर चढलो. बर्फात, वाऱ्यात, ओल्या कौलांवर मांजरासारखा फिरलो आणि एकदाही घसरलो नाही. पडलो कुठे, तर सुपरमार्केटमध्ये, भाजीच्या विभागात, एका द्राक्षावर पाय पडून. धुराडी साफ करणारा दिसला की नशीब उघडतं म्हणून आमच्या जर्मनीत लोक त्याच्या काळ्या कोटाच्या बटणाला हात लावतात. त्या दिवशी मी कामाच्याच कोटात फरशीवर आडवा झालेलो, ॲम्ब्युलन्स अजून यायची होती, आणि एका बाईनं वाकून माझ्या बटणाला हात लावून घेतला. वर "माफ करा हं" म्हणाली आणि बटाटे घ्यायला गेली.

खुबा मोडला होता. तो काढून डॉक्टरांनी नवा बसवला आणि बाराव्या दिवशी दोन कुबड्यांसकट मला बाड एल्मरोडे गावच्या पुनर्वसन केंद्रात पाठवलं. मुक्काम तीन आठवडे. पायाची मला फारशी काळजी नव्हती. वय एकसष्ट, हाडं दणकट, व्यायाम करीन आणि परत शिडीवर चढेन, असा सरळ हिशोब होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी भांडलो. माझी ३१२ नंबरची खोली नेमकी स्वयंपाकघराच्या धुराच्या पंख्यावर. पहाटे पाचला तो घरघरायला लागायचा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या धुरात काढली, आता आजारपणात तरी नको, असं मी नर्सला चार जणांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. समोरच्या ३०९ चं दार उघडलं. एक उंच, वाळके गृहस्थ कुबड्यांवर बाहेर आले. सकाळी साडेसातलाही टाय बांधलेला.

"माझी खोली घ्या," ते म्हणाले. "मी रेल्वेत होतो. आवाज नसला तर मलाच झोप येत नाही."

हे हेर रादेमाखर; हेर म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत. त्यांचाही खुबा नवाच, आणि तेही माझ्याच दिवशी आलेले. जेवणाच्या टेबलावर योगायोगानं शेजारची खुर्ची त्यांचीच निघाली, आणि आमच्याकडे एकदा जेवणाची खुर्ची ठरली की तीन आठवडे ती हलत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी आमची अदलाबदल झाली. नर्सनं सफाईवाल्यांना कळवलं, स्वयंपाकघराला कळवलं. मी त्या रात्री मेल्यासारखा झोपलो.

पहिले दोन दिवस नुसत्या तपासण्या. रक्त, वजन, पाय किती वाकतो. खरे व्यायाम तिसऱ्या दिवसापासून. त्याचं वेळापत्रक खाली टपालाच्या कप्प्यात येतं. कागदावर नाव नसतं. कुणाला काय झालंय हे दुसऱ्याला कळू नये म्हणून आमच्याकडे असा कडक कायदा आहे, की केंद्रात नाव कुणी पुकारतसुद्धा नाही. सगळा कारभार खोलीच्या नंबरावर. मी ३०९ च्या कप्प्यातून कागद काढला आणि तिथंच उभ्याउभ्या वाचला.

सव्वाआठ, खुब्याचा व्यायाम, गट. ठीक. साडेनऊ, पाण्यातला व्यायाम. ठीक. पावणेअकरा, स्मरणशक्ती, खोली क्रमांक सात. दोन वाजता, स्वयंपाकघरात वावरण्याचा सराव. तीनला, रंगकाम.

स्मरणशक्ती?

आता कुणीही शहाणा माणूस सरळ खिडकीवर जाऊन विचारेल, की बाई, हे काय? मीही निघालो होतो. चार पावलं गेलो आणि थांबलो. कारण मनात आलं: आल्या दिवशी डॉक्टरांनी पाऊण तास प्रश्न विचारले होते. आज कोणती तारीख, शंभरातून सात वजा करत या, घड्याळाचं चित्र काढा. मला वाटलं होतं सगळ्यांनाच विचारतात. नंतर ते काहीतरी समजावून सांगत होते आणि माझं लक्ष खिडकीबाहेर होतं, समोरच्या छपरावरचं धुराडं तिरकं झालं होतं. तेव्हाच सांगितलं असेल तर? मी विचारायला जाणार आणि ती बाई म्हणणार, "हेर टीले, हे तुम्हाला परवाच सांगितलंय की." मग संपलंच. विचारणं हाच पुरावा.

माझे वडीलही धुराडीच साफ करायचे. पासष्टाव्या वर्षी एका सकाळी ते आमच्याच घराच्या छपरावर उभे होते, मी खाली शिडी धरून. त्यांनी वरून विचारलं, "फोल्कमार, हे कुणाचं घर रे?" मला वाटलं थट्टा करताहेत. मी मोठ्यानं हसलो. ते खाली उतरले आणि माझा दंड धरून हळूच म्हणाले, "हसू नकोस. सांग." त्यानंतर ते सहा वर्षं जगले आणि शेवटची चार वर्षं मला काका म्हणायचे.

म्हणून मी मूग गिळून बसलो. वेळापत्रकात आहे तर जायचं. पावणेअकराला मी खोली क्रमांक सातच्या दारात हजर होतो, पाच मिनिटं आधी.

"तीनशे नऊ?" शिकवणाऱ्या मुलीनं यादी बघत विचारलं. तिचं नाव फ्राउ एंगेलके, म्हणजे एंगेलकेबाई, तिशीची, आवाज लोण्यासारखा. असा आवाज लोक आजाऱ्यांशी आणि कुत्र्यांशी बोलताना काढतात.

"हो. मी."

"छान! आलात ना शोधत शोधत? खोली सापडली?"

न सापडायला काय झालं? पण मग वाटलं, बऱ्याच जणांना सापडत नसावी. मी आता त्यांच्यातला झालो होतो.

ती एका ट्रेमध्ये दहा वस्तू ठेवायची. कात्री, लिंबू, किल्ली, मेणबत्ती असं काहीबाही. एक मिनिट बघायचं, मग ती वर फडकं टाकायची. आम्ही पाच जण. मी नऊ सांगितल्या. दहावी कितीही डोकं खाजवलं तरी येईना. फडकं काढलं तर बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. माझ्या खिशातल्या चाकूला गेली पंचवीस वर्षं तो आहे.

"नऊ म्हणजे उत्तमच!" फ्राउ एंगेलके म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. उत्तम आहे तर लिहिलं काय?

त्या दिवसापासून मी माझ्यावरच पाळत ठेवायला लागलो. अंथरुणावर पडून मला नेमून दिलेल्या हद्दीतली धुराडी मोजायचो, गल्लीवार. चर्चमागच्या गल्लीत अकरा की बारा, यावर दोनदा अडकलो. दुसऱ्या दिवशी ट्रेमधल्या आठच आठवल्या. तिसऱ्या दिवशी सात. स्वयंपाकघराच्या सरावात कॉफी करायची होती, मशीनची साधी कॉफी, जी मी घरी रोज झोपेत करतो. समोर फ्राउ एंगेलके वही घेऊन. मी पाणी ओतलं, गाळायचा कागद लावला, कॉफी मोजून घातली, बटण दाबलं, आणि खाली भांडं ठेवायचंच राहिलं. सगळी कॉफी टेबलावरून माझ्या बुटात.

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "असं होतं."

"माझ्या हातून नाही होत!" मी ओरडलो.

"हो, हो," ती लोण्याच्या आवाजात म्हणाली आणि पुन्हा लिहिलं.

दुपारच्या जेवणाला हेर रादेमाखर घामाघूम होऊन यायचे, टाय सैल, गाल लाल. "आज मला पायानं वजन ढकलायच्या मशीनवर बसवलं," ते सांगायचे. "चाळीस किलो! आणि जिन्यावर चाळीस पायऱ्या. मग शिडीसुद्धा आहे हो, भिंतीला लावलेली. तीन पायऱ्या चढवलं मला. रेल्वेवाल्याला शिडी कशाला, पण म्हटलं सांगतात तर चढू."

मी रागानं बटाटे कुस्करत होतो. शहात्तर वर्षांच्या माणसाला शिडी आणि मला रंगाचा ब्रश. ह्याचा अर्थ सरळ होता: माझ्याकडून आता शिडीची अपेक्षाच उरली नव्हती. बुधवारी मोठ्या डॉक्टरांची फेरी झाली. टाक्यांची खूण बघून त्यांनी विचारलं, "वेळापत्रक पाळताय?"

"मिनिटाबरहुकूम."

"उत्तम," म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. विचारायची ती एक संधी होती आणि तीही मी घालवली.

बायकोशी, इल्झेशी, रोज फोनवर बोलायचो. एके दिवशी पंख्याची गोष्ट सांगायला लागलो तर म्हणाली, "अहो, हे कालच सांगितलंत की." मी घाईघाईनं फोन ठेवला. तिला स्मरणशक्तीच्या वर्गाबद्दल मी अवाक्षर बोललो नव्हतो. वडिलांचं सगळं तिनंच केलं होतं. त्यांची दाढीसुद्धा तीच करायची. आता पुन्हा तेच तिच्या नशिबी, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

शुक्रवारी सकाळी वर्ग सुटल्यावर फ्राउ एंगेलकेनं मला थांबवलं. तिच्या हातात ३०९ लिहिलेली एक चिठ्ठी होती.

"तुमच्यासाठी आनंदाची बातमी. तुमच्या मुलीचा फोन आला होता. उद्या दुपारी भेटायला येतेय."

"कोण येतंय?"

"तुमची मुलगी. उटे." तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "आठवते ना उटे?"

मला दोन मुलगे आहेत. एक हाम्बुर्गला, एक आमच्याच गल्लीत. हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या क्षणी, त्या दारात, त्या मुलीचे दयाळू डोळे बघून माझं पक्कं माहीत असणंच डळमळलं. वडिलांनाही छपरावर उभं असताना पक्कंच माहीत असणार, की ते घर आपलं नाही. उटे. मी ते नाव तोंडात घोळवून बघितलं. लहानपणीचा चेहरा, दोन वेण्या, सायकल, काहीतरी येईल म्हणून वाट पाहिली. आणि खरं सांगतो, वेण्या दिसल्या. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आठवते," मी म्हणालो.

खोलीत जाऊन दार लावलं आणि इल्झेला फोन केला.

"इल्झे, एक विचारतो. रागावू नकोस. आपल्याला मुलगी आहे का?"

पलीकडे तिनं आधी रेडिओ बंद केला. मग ती म्हणाली, "फोल्कमार, तुम्ही बसलाय ना? बसा आधी. आता सगळं पहिल्यापासून सांगा."

मग बांध फुटला. ट्रे, स्क्रू, बुटातली कॉफी, रंगकाम, उटे, वेण्या, सगळं सांगितलं. एकसष्ट वर्षांचा बाप्या, पलंगावर बसून रडत होतो. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी विचारलं, "तो कागद नंबरावर येतो म्हणालात ना? मग आता तुम्ही कुठल्या खोलीत आहात?"

"तीनशे नऊ."

"आणि आधी कुठल्या होतात?"

"तीनशे बारा," म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, त्या पंख्याची गोष्ट मला तीन वेळा सांगितलीत," इल्झे म्हणाली. "खोली बदलल्याचं वेळापत्रकवाल्यांना कुणी सांगितलं का, ते विचारा." आणि मग ती हसायला लागली. हसताहसता तिचाही आवाज फाटला, कारण ती मघाशी किती घाबरली होती ते तिला तेव्हा कळलं असावं.

म्हणजे मी स्वतःच भांडून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, तोही नव्या खुब्याच्या बाजूच्या. पण मला राग येईना. जिवात जीव आला होता. कुबड्या घेतल्या आणि वेळापत्रकाच्या खिडकीवर गेलो. शुक्रवारी ती बाराला बंद होते, मी अकरा पस्तीसला पोचलो.

"खोली बदलल्याचा फॉर्म?" आतल्या बाईनं विचारलं.

"कसला फॉर्म? तुमच्याच नर्सनं बदलली."

"नर्स सफाईला कळवते आणि स्वयंपाकघराला. आम्हाला पेशंटनं कळवायचं असतं, फॉर्म भरून. स्वागतपुस्तिकेत आहे, पान चौदा."

"चार दिवस मी दुसऱ्याच्या डोक्याचे व्यायाम करतोय, बाई!"

"मग तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. फॉर्म भरला. तिनं शिक्का मारला. उद्यापासून दोघांचंही दुरुस्त होईल म्हणाली.

परत येताना बागेकडच्या बाकावर हेर रादेमाखर बसलेले दिसले. मी शीळ घालत होतो. म्हटलं, यांना गंमत सांगावी. शेजारी जाऊन बसलो.

"खुशीत दिसताय," ते म्हणाले. "मीही आहे. सांगू? कुणाला बोलू नका. ऑपरेशनच्या वेळी मला डोक्यात एक छोटा झटका येऊन गेला. हात-पाय ठीक, पण मधूनमधून शब्द सापडत नाहीत. मला, ज्याला चाळीस वर्षं अख्खं वेळापत्रक पाठ होतं! उत्तर जर्मनीतली कुठलीही गाडी विचारा, फलाटासकट. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डोक्याचेही वर्ग लावू, मग बघू तुम्ही एकटे राहू शकता का. मुलगी माझ्यासाठी वृद्धाश्रम बघत होती. उटे. फार चांगली मुलगी, पण काळजी करते."

मी कुबड्या बाकाला टेकवून ठेवल्या. ते पुढे सांगत होते.

"आणि मग कागद आला. डोक्याचं काहीच नाही त्यात! नुसती मशीन, जिने, शिडी. मी रोज बघतो, आज येईल, उद्या येईल. नाहीच. म्हणजे तपासण्यांत त्यांना दिसलं असणार की ठीक आहे सगळं. परवा उटेला फोन करून सांगितलं, मी आपल्या घरी परत जातोय. ती रडली हो फोनवर."

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?" मी विचारलं.

"विचारायचं काय? कागदावर आहे ना," ते म्हणाले. मग जरा थांबून, हातातल्या टोपीकडे बघत: "आणि विचारलं असतं तर त्यांना आठवलं असतं."

मी उठलो. पुन्हा त्या खिडकीवर गेलो. बाराला पाच कमी होते अजून, पण काच खाली आलेली होती. उघडी असती तरी मी काय सांगणार होतो? माझा खुबा तसाच राहू द्या, या म्हाताऱ्याला शिडी चढवत राहा? त्यांना त्या वर्गाची गरज होती. माझ्यापेक्षा हजारपट होती. हे मला समजत होतं आणि तरी वाटत होतं, की मी काहीतरी चोरलं. संध्याकाळी टेबलावर त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. त्यांनी मला आपल्या लोणच्याच्या काकडीची फोड दिली, ती मी ताटाच्या कडेला ठेवली.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम उशिरा खाली गेलो. हेर रादेमाखर कप्प्यांसमोर उभे होते, टाय नीट बांधलेला, हातात कागद. ते वाचत नव्हते. वाचून झालं होतं आणि तरी कागदाकडेच बघत होते. मला पाहिलं तसे चेहरा सावरून जवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हेर टीले, रागावू नका. तुमचा कागद चुकून माझ्या कप्प्यात आलाय." त्यांनी तो घडी करून माझ्या हातात सरकवला. "स्मरणशक्तीचा वर्ग वगैरे आहे. मी फक्त पहिली ओळ वाचली. कुणाला सांगणार नाही. लाज वाटून घ्यायची नाही, असं कुणालाही होऊ शकतं."

कागदावर वर ठळक ३१२ लिहिलेलं होतं. माझ्या दुसऱ्या हातात कप्प्यातून नुकताच काढलेला ३०९ चा कागद होता, त्यावर मशीन, जिना, शिडी. सांगायचं तर एकच वाक्य होतं. मी भांडकुदळ माणूस, खरं बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. पण कागद देताना त्यांनी माझा दंड धरला होता, तो अजून सोडला नव्हता. मला माझा बाप आठवला आणि मी तेव्हा हसलो होतो तेही आठवलं.

"आभारी आहे," मी म्हणालो. "माझाच आहे. पण मला एकट्याला जायला कसंतरी होतं. तुम्ही याल का सोबत?"

ते विचारात पडले. मग टाय चाचपत म्हणाले, "येईन की. आता आपण एकमेकांना नावानंच हाक मारू, चालेल? मी आल्बिन."

"मी फोल्कमार."

"चल, फोल्कमार. घाबरू नकोस. सगळ्यात शेवटी बसू."

खोली क्रमांक सातमध्ये फ्राउ एंगेलकेनं आम्हा दोघांकडे बघितलं, यादीकडे बघितलं, काही बोलायला गेली. मी 'नको' अशी मान हलवली, तशी गप्प झाली. अकलेची होती पोरगी. तिनं दुसरी खुर्ची सरकवली, ट्रे मांडला, मिनिटभर बघू दिलं आणि फडकं टाकलं.

आल्बिन माझ्याकडे वाकला. "तुला आठवलं नाही तर मला खूण कर," कुजबुजला. "मी सांगतो."

"तीनशे बारा?" फ्राउ एंगेलके म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं सरळ बसून, मान ताठ करून, फलाटावरून घोषणा करावी तसं तोंड उघडलं. "कात्री," तो म्हणाला. मग थांबला. फडक्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. टेबलाखाली त्यानं माझा हात शोधून घट्ट धरला.

त्या दिवशी मला दहाच्या दहा आठवत होत्या. स्क्रूसुद्धा.

"मला कात्रीसुद्धा आठवली नव्हती," मी मोठ्यानं म्हणालो.

"बघा," आल्बिन फ्राउ एंगेलकेला म्हणाला, आणि माझा हात सोडला नाही. "जरा सांभाळून घ्या त्याला. दुपारी माझी मुलगी येतेय, तिलाही सांगतो मी, की याच्या घरच्यांशी बोल म्हणून."